प्रकल्प नोंदी: ट्रिप्सिनसाठी कार्बन डॉटचा सेन्सर – चमक परत आली म्हणजे नेमके काय झाले?

३ जून. मांडणी

स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारे ट्रिप्सिन मोजायचे, तेही त्याच्या कामावरून. विष्ठेतल्या इलास्टेजची नेहमीची चाचणी प्रतिपिंडांवर चालते. एन्झाइम किती आहे हे ती सांगते, पण ते काही कापते आहे की नुसते पडून आहे हे सांगत नाही. आपल्याला कापणे दिसायला हवे.

तत्त्व असे. कार्बन डॉट म्हणजे कार्बनचे काही नॅनोमीटरचे कण. ऋण भाराचे असे डॉट अतिनील प्रकाशात निळे चमकतात. सायटोक्रोम सी (घोड्याच्या हृदयातले, साधारण १२.४ किलोडाल्टन, आयसोइलेक्ट्रिक बिंदू, म्हणजे एकूण भार शून्य होतो तो पीएच, १० च्या आसपास) धन भाराचे असल्याने त्यांना चिकटते आणि त्यातला हीम (लोह असलेला रंगीत गट) चमक विझवतो. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढचा बंध तोडते. या सायटोक्रोमच्या १०४ अमिनो आम्लांत १९ लायसिन आणि २ आर्जिनिन आहेत, म्हणजे तोडायला जागाच जागा. तुकडे झाले की पकड सुटते आणि चमक परत येते.

कागदावर हे फार सरळ दिसते, आणि म्हणूनच सावध राहायचे. चमक विझण्याची आणि परत येण्याची कापाकापीखेरीज निदान चार कारणे आहेत. या नोंदींचा बराचसा भाग ती एकेक वेगळी काढण्यातच जाणार.

५ जून. डॉट बनवणे

सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट १.०५ ग्रॅम (५ मिलिमोल), एथिलीनडायअमीन ३३५ मायक्रोलिटर (तेही ५ मिलिमोल), पाणी १० मिलिलिटर. टेफ्लॉनचे अस्तर असलेला २५ मिलिलिटरचा ऑटोक्लेव्ह, २०० अंश, ५ तास. आम्लाच्या बाटलीवर 'निर्जल' लिहिले असेल तर ०.९६ ग्रॅम घ्यायचे, तेच १.०५ ग्रॅम टाकले तर प्रमाण बिघडते आणि पुढच्या बॅचशी तुलना होत नाही.

अमीन धुराळते आणि आम्लात पडताच मिश्रण तापते. फ्यूम हूडमध्ये, बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये, थेंबथेंब. ऑटोक्लेव्ह आपोआप थंड होऊ द्यायचा. पाण्याखाली धरून घाई केली की अस्तर आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि झाकण गळायला लागते.

अमीन निम्मे, म्हणजे १६८ मायक्रोलिटर, घेऊन दुसरी बॅचही केली. अमीन कमी म्हणजे कार्बोक्सिल गट जास्त मोकळे राहावेत आणि ऋण भार वाढावा, हा हेतू. पहिलीला 'क', दुसरीला 'ख' म्हणू. दोन्ही तपकिरी निघाल्या. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली 'क' डोळे दिपतील इतकी निळी, 'ख' तिच्यापुढे मंद.

८ जून. डायलिसिस, आणि बाहेरचे पाणी

०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून १ किलोडाल्टनच्या पिशवीत (याहून लहान रेणू तिच्यातून बाहेरच्या पाण्यात जातात) ४८ तास, पाणी सहा वेळा बदलून. बाहेरचे पाणी फेकण्याआधी दिव्याखाली धरले, तर पहिल्या दोन बदलांचे पाणी पिशवीतल्या द्रावापेक्षाही उजळ.

यात आश्चर्य नाही. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन यांच्यापासून साधारण १८० डाल्टनचा एक लहान चमकदार रेणू तयार होतो, आणि या पद्धतीच्या डॉटची झगझगीत निळी चमक बरीचशी त्याचीच असते. उत्तेजनाची तरंगलांबी ३२० पासून ३८० पर्यंत बदलली तरी उत्सर्जन ४४५ ला खिळून राहिले, ही त्याचीच खूण. सुटा रेणू सेन्सरमध्ये राहिला तर सायटोक्रोम त्याला धरत नाही. तो कायम चमकत राहतो आणि पार्श्वभूमी वाढवतो. म्हणून डायलिसिस 'चमक टिकली पाहिजे' म्हणून लवकर थांबवायचे नाही. बाहेरचे पाणी अंधारात काळे दिसेपर्यंत चालवायचे. 'ख' ला ७२ तास लागले.

बाहेरच्या पाण्याच्या पहिल्या बदलाची एक बाटली मात्र ४ अंशांवर जपून ठेवली. सायटोक्रोम न धरणारी, पण त्याच रंगाची चमक असलेली वस्तू कंट्रोल म्हणून पुढे सोन्याच्या मोलाची ठरेल.

११ जून. मोजमापाचा पाया

डॉटची मोलर संहती सांगण्यात अर्थ नाही. आकार एकसारखा नसतो. पुढे सगळीकडे ३६० नॅनोमीटरवरच्या शोषणाने मोजू: अंतिम मिश्रणात ०.०५, १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये. क्वांटम उत्पादनासाठी (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती चमक होऊन बाहेर येतात) ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लातले क्विनीन सल्फेट (०.५४) संदर्भ धरले, दोन्हीचे शोषण ०.०५ च्या खाली ठेवून. डायलिसिसनंतर 'क' पुष्कळच उतरली. 'ख' आधीच मंद होती, ती आणखी उतरली. तरीही पुढे 'ख' च वापरायची, का ते १७ जूनला दिसेल.

सायटोक्रोम सी विकत येते तेव्हा थोडेसे क्षपित (लोहाला जादा इलेक्ट्रॉन मिळालेले) असते. ५५० नॅनोमीटरला टोकदार शिखर दिसले तर पोटॅशियम फेरीसायनाइडचा कण टाकून ऑक्सिडाइझ करायचे आणि डिसॉल्टिंग कॉलममधून काढायचे. कॉलमची पायरी गाळली तर फेरीसायनाइड ४२० च्या आसपास शोषत बसते आणि पुढची सगळी गणिते खोटी पडतात. संहती ४१० नॅनोमीटरवरून, मोलर शोषणांक १,०६,००० धरून.

१४ जून. पहिले विझणे

ट्रिप्सिनचा पाठ्यपुस्तकी बफर घेतला: ५० मिलिमोलर ट्रिस, २० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ८. कॅल्शियम ट्रिप्सिनला स्वतःलाच कापण्यापासून आवरते, म्हणून सगळे ते घालतात. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर दर अंशाला ०.०२८ ने उतरतो. ३७ अंशांवर ८.० हवा तर २५ अंशांवर ८.३ ला जुळवायचा.

'ख' डॉटमध्ये १० मायक्रोमोलर सायटोक्रोम. क्युव्हेटमध्ये चमक ४४ टक्क्यांवर आली. देखणा आकडा! तेच मिश्रण ९६ वेलच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर घालून मोजले, तर ६२ टक्के.

तीच बाटली, तोच पिपेट, तेच तापमान. सायटोक्रोम खरोखर डॉटला चिकटून चमक विझवत असेल तर भांडे बदलल्याने एवढा फरक पडता कामा नये.

१५ जून. रंगाची सावली

फरकाचे कारण प्रकाशाच्या वाटेची लांबी. क्युव्हेटमध्ये ती १ सेंटिमीटर, प्लेटच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटरला ०.३ च्या आसपास. हीमचा तीव्र सोरे पट्टा ४१० ला आहे, पण त्याच्या दोन्ही बाजू रुंद आहेत. १० मायक्रोमोलरचे शोषण ३६० ला ०.२८ आणि ४४५ ला ०.१५ भरले. म्हणजे डॉटकडे जाणारा प्रकाश वाटेतच अडतो, आणि डॉटमधून निघालेलाही. यालाच इनर फिल्टर परिणाम म्हणतात. डॉटला कुणी हात लावलेला नसतो, मध्ये फक्त रंगीत काच धरलेली असते.

दुरुस्ती अशी: दोन्ही तरंगलांबींवरच्या शोषणांची बेरीज, तिचे निम्मे, तो १० चा घातांक, आणि येणाऱ्या संख्येने दिसलेल्या चमकेला गुणायचे. इथे बेरीज ०.४३, निम्मे ०.२१५, गुणक १.६४. ४४ टक्क्यांचे ७२ टक्के झाले. प्लेटसाठी वाट ०.३ धरली तर गुणक १.१६, आणि ६२ चेही ७२ च होतात. दोन भांडी एका आकड्यावर आली.

मग ८ जूनची बाटली काढली. त्या सुट्या रेणूचे शोषण डॉटइतकेच करून त्यात १० मायक्रोमोलर सायटोक्रोम टाकले. क्युव्हेटमध्ये चमक ६० टक्क्यांच्या आसपास गेली आणि दुरुस्तीनंतर जवळपास पूर्ण परत आली. म्हणजे तिथे नुसती सावली आहे, पकड नाही. डॉटमध्ये पकड आहे, पण थोडी: काल दिसलेल्या घसरणीचा निम्म्याहून मोठा वाटा सावलीचा होता.

जाता जाता: चमक विझण्याचा आलेख संहतीबरोबर वर वळत असेल, तर 'दोन प्रकारची क्वेंचिंग', म्हणजे चमक दोन वाटांनी विझते, असा अर्थ काढण्याआधी शोषण मोजायचे. बहुतेक वेळा ते वळण सावलीचेच असते. बेरीज ०.३ च्या पुढे गेली की ही दुरुस्तीही अंदाजाचीच राहते. तेव्हा सूत्रावर विसंबण्यापेक्षा द्राव पातळ करावा.

१७ जून. पकड सैल का?

धन आणि ऋण भारांची ओढ मीठ वाढले की दबते. आपला बफरच खारट आहे: २० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडची आयनिक तीव्रता (द्रावातल्या सगळ्या भारांचे माप) एकट्याची ६० मिलिमोलर, ट्रिससह ८० च्या घरात. त्यात कॅल्शियम डॉटवरच्या कार्बोक्सिल गटांनाही जाऊन बसते. ज्या पदार्थाने ट्रिप्सिन सांभाळायचे, तोच सेन्सर मोडत होता.

नवा बफर: ५ मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ३७ अंशांवर पीएच ८.०. आयनिक तीव्रता ५ च्या आसपास. आता ३ मायक्रोमोलर सायटोक्रोमनेच दुरुस्त चमक ५२ टक्क्यांवर आली, आणि प्लेटमध्ये सावलीचा वाटा जेमतेम ४ टक्के. हीच संहती कायम केली. यात १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड टाकताच चमक क्षणात ९० च्या वर चढली. पकड विद्युतभारांचीच आहे याचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा. मात्र एक इशाराही: खारट नमुना ट्रिप्सिनसारखाच दिसणार.

'क' याच बफरमध्ये फक्त ७० पर्यंत उतरली. उजळ डॉट आणि चांगला सेन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिसळण्याचा क्रमही महत्त्वाचा. सायटोक्रोमचा घट्ट थेंब डॉटमध्ये सोडला तर थेंबाभोवती गुठळ्या होतात आणि ६०० नॅनोमीटरला शोषण दिसू लागते (तिथे दोघांपैकी कुणाचेही फारसे शोषण नाही, तेव्हा ते विखुरणेच). दोन्ही पातळ करून, सारख्या आकारमानांत, हलवत मिसळायचे.

२० जून. पहिले कापणे

ट्रिप्सिन: टीपीसीके-प्रक्रिया केलेले, म्हणजे सोबत आलेले कायमोट्रिप्सिन मारलेले. साठा १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बर्फावर. आम्लात ते स्वतःला कापत नाही. बफरमध्ये विरघळवून टेबलावर ठेवलेले ट्रिप्सिन दुपारपर्यंत अर्धे कामाचे राहते आणि दोष सेन्सरला जातो.

वेलमध्ये ९० मायक्रोलिटर डॉट-सायटोक्रोम मिश्रण, वर १० मायक्रोलिटर ट्रिप्सिन (अंतिम १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे ०.४३ मायक्रोमोलर). ब्लँकमध्ये, म्हणजे ट्रिप्सिन नसलेल्या वेलमध्ये, १० मायक्रोलिटर १ मिलिमोलर आम्लच, पाणी नव्हे. वाचन दर ३० सेकंदांनी, एक तास.

निकाल वाईट. ट्रिप्सिनच्या वेलमध्ये चमक आधी ५ टक्के उतरली, मग हळूहळू चढली. ब्लँकही चढला! आणि नुसत्या डॉटचा वेल तासाभरात ३ टक्क्यांनी खाली.

२३ जून. तीन गळत्या

उतरण्याचे कारण तापमान. फ्लुओरेसन्स उष्णतेने कमी होतो आणि प्लेट २५ वरून ३७ ला यायला दहा-पंधरा मिनिटे घेते. म्हणजे सुरुवातीचा वेग, जो आपल्याला हवा, नेमका त्याच काळात मळतो. आता प्लेट, मिश्रण आणि ट्रिप्सिनची शेवटची विरलता, तिन्ही आधी ३७ ला. ट्रिप्सिनची विरलता मात्र दोनच मिनिटे.

नुसत्या डॉटची घसरण प्रकाशाने होणाऱ्या ऱ्हासाची. वाचन दर २ मिनिटांनी केले, फ्लॅश कमी केले, घसरण थांबली. तरी प्रत्येक प्लेटवर नुसत्या डॉटचे तीन वेल राहणारच.

ब्लँकची चढण जास्त त्रासाची. सायटोक्रोम पॉलिस्टायरीनला आणि काचेला चिकटते. १०० मायक्रोलिटर वेलची ओली बाजू सुमारे १ चौरस सेंटिमीटर. त्यावर सायटोक्रोमचा एक थर बसला तर साधारण ०.२ मायक्रोग्रॅम. वेलमध्ये एकूण ३.७ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पाचेक टक्के सायटोक्रोम भिंतीवर जाते आणि तेवढी डॉट मोकळी होतात, ट्रिप्सिनविना. कमी ट्रिप्सिनचा इशारा याच आकाराचा असतो.

उपाय: प्रथिने न चिकटणारी काळी प्लेट, तळ पारदर्शक (शोषणही त्याच वेलमध्ये मोजायचे आहे), आणि बफरमध्ये ०.००५ टक्के ट्वीन-२० (सौम्य साबणासारखा पदार्थ). सायटोक्रोमच्या विरलतेच्या नळ्याही कमी चिकटणाऱ्या प्रकारच्या, ०.३ मायक्रोमोलरची विरलता साध्या नळीत रात्रभर ठेवली तर सकाळी तिच्यात काय उरले हे शोषण मोजल्याखेरीज सांगता येत नाही. क्वार्ट्झ क्युव्हेट वापरलाच तर नंतर पातळ नायट्रिक आम्लाने धुवायचा. धुतलेला म्हणून ठेवलेल्या क्युव्हेटमध्ये ४१० ला ०.०१ शोषण सापडले आहे.

ब्लँक आता तासाला १ टक्क्याच्या आत.

२७ जून. हीम कुठे गेला?

गळत्या बुजवल्यावर खरे दुखणे उघडे पडले. १० मायक्रोग्रॅम ट्रिप्सिनने तासाभरात चमक ५२ वरून ६३. फारच संथ.

सायटोक्रोम सी घट्ट घडी घातलेले प्रथिन आहे. २१ जागा असल्या तरी घडी उलगडेपर्यंत ट्रिप्सिनला त्या मिळत नाहीत. पहिला काप कठीण. तो बसला की घडी सैल होते आणि पुढचे भराभर होतात. म्हणून वेळेचा आलेख सुरुवातीला ३–४ मिनिटे सपाट, मग सरळ.

घडी किंचित ढिली करण्यासाठी १० टक्के ॲसिटोनायट्राइल घातले. ट्रिप्सिन ते सहन करते. वेग साधारण तिपटीने वाढला. युरियाही चालला असता, पण घडी उलगडायला लागेल इतका युरिया ट्रिप्सिनलाही मंदावतो, आणि जुना युरिया लायसिनवर कार्बामिल गट चढवतो. मग ट्रिप्सिन तिथे कापतच नाही. ॲसिटोनायट्राइल उडून जाते, विशेषतः कडेच्या वेलमधून. प्लेटवर फिल्म लावायची आणि कडेचे वेल नुसत्या बफरने भरायचे.

आता दुसरा प्रश्न. पूर्ण कापल्यावर (५० मायक्रोग्रॅम, ३ तास) चमक १०० ला का पोहोचत नाही? ९३–९४ वर थबकते. शोषण घेतले: सोरे पट्टा थोडा सरकला, थोडा बसला, पण आहे. असणारच. हीम सायटोक्रोम सीमध्ये १४ आणि १७ क्रमांकांच्या सिस्टीनना सहसंयोजक बंधांनी जोडलेला असतो. ट्रिप्सिन १३ आणि २२ च्या लायसिननंतर कापते आणि नऊ अमिनो आम्लांचा तुकडा हीमसकट सुटतो. त्याच्यावर एकूण धन भार उरत नाही, म्हणून तो डॉटला धरत नाही. रंग मात्र तोच, म्हणून सावली तशीच. घडी खरोखर मोडली हे वेगळ्याने पाहिले: १५० मायक्रोमोलर सायटोक्रोमचा ६९५ नॅनोमीटरचा फिकट पट्टा, जो लोह आणि ८० व्या मेथिओनिनच्या बंधाचा असतो, ट्रिप्सिननंतर नाहीसा झाला.

म्हणजे परत येते ती पकडीची चमक. सावलीची कधीच येत नाही. ज्या मांडणीत १० मायक्रोमोलर सायटोक्रोम आणि १ सेंटिमीटरचा क्युव्हेट असेल, तिथे 'पुनर्प्राप्ती अपूर्ण, कारण पचन अपूर्ण' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

१ जुलै. उंची नव्हे, चढ

सावली पचनाच्या काळात जवळपास स्थिर राहते. मग शेवटची उंची मोजण्याऐवजी चढ मोजला तर ती आपोआप वजा होते. नमुन्याचा स्वतःचा रंगही आणि स्वतःची चमकही.

हे तपासायला लायसोझाइम घेतले: १४.३ किलोडाल्टन, आयसोइलेक्ट्रिक बिंदू ११ च्या आसपास, प्रथिने कापण्याशी काही संबंध नाही. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे ३.५ मायक्रोमोलर, सायटोक्रोमच्या बरोबरीचे. वेलमध्ये पडताच पहिल्या वाचनातच चमक ५२ वरून ७१! नंतर २० मिनिटे सपाट रेष. लायसोझाइमने सायटोक्रोमला डॉटवरून ढकलून जागा घेतली, एवढेच. १७ जूनचे मीठही असेच वागले होते: एक उडी, मग सपाट. ट्रिप्सिन उडी मारत नाही, चढते.

अर्ध्या तासानंतर एकच आकडा घेणाऱ्याला लायसोझाइम, मीठ आणि ट्रिप्सिन यांत फरक करता येणार नाही. म्हणून नियम: ४ ते १६ मिनिटांमधली सात वाचने, त्यांची सरळ रेषा, ब्लँकचा चढ वजा. रेषा वाकडी असेल तर नमुना पातळ करून पुन्हा. मात्र एक कायम लक्षात ठेवायचे: उडीने सायटोक्रोम आधीच सुटलेले असेल तर उरलेला चढही लहान येतो. उडी ५ टक्क्यांहून मोठी असलेला वेल बाद.

अंतिम पाककृती, १०० मायक्रोलिटरसाठी: डॉट (शोषण ०.१०) ५० मायक्रोलिटर, सायटोक्रोम (१० मायक्रोमोलर) ३० मायक्रोलिटर, दोन्ही बफरमध्ये, ॲसिटोनायट्राइल १०, ३७ अंशांवर १० मिनिटे, मग नमुना १०. उत्तेजन ३६०, उत्सर्जन ४४५. ट्रिप्सिन ०.५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत चढ सरळ वाढतो. ओळख मर्यादा ब्लँकच्या चढाच्या प्रमाण विचलनाच्या तिपटीवरून ०.३ च्या आसपास. याहून कितीतरी कमी मर्यादा असलेल्या पद्धती आहेत. आतड्यातल्या रसाला त्यांची गरज नाही.

४ जुलै. मायक्रोग्रॅम कशाचे?

कुपीतली पावडर म्हणजे सगळे जिवंत ट्रिप्सिन नव्हे. तीत ओल असते, क्षार असतात, आणि स्वतःच कापून घेतलेला भागही. दोन कुप्या सारख्या तोलल्या, चढ १८ टक्क्यांनी वेगळे. म्हणून प्रत्येक साठा बीएपीएनएवर तोलायचा: या कृत्रिम पदार्थातून ट्रिप्सिन पॅरा-नायट्रोअनिलीन सोडते, ४१० ला मोलर शोषणांक ८,८००. इथे २० मिलिमोलर कॅल्शियमचा जुना बफर खुशाल वापरावा. मात्र ही चाचणी सेन्सरच्या वेलमध्ये करायची नाही: पिवळा पदार्थ हीमच्याच जागी शोषतो.

बीएपीएनएवर जुळवल्यावर दोन कुप्यांचे चढ एकमेकांवर बसले.

८ जुलै. इतर एन्झाइम

प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम. पेप्सिन: शून्य, अपेक्षित, पीएच ८ ला ते मोडते. ॲमायलेज: शून्य. कायमोट्रिप्सिन: ट्रिप्सिनच्या निम्म्याच्या आसपास. हे टाळता येणार नाही, कारण सायटोक्रोममध्ये त्याच्याही जागा आहेत.

लायपेज: ठळक चढ! चरबी तोडणारे एन्झाइम प्रथिन का कापेल? सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर ५० मायक्रोग्रॅम घालून पुन्हा चालवले, चढ जवळपास गेला. वराहाच्या स्वादुपिंडातून काढलेले अशुद्ध लायपेज होते ते. ट्रिप्सिन त्याच्याबरोबरच आले होते. चूक सेन्सरची नसून बाटलीवरच्या नावाची.

यातून कायमची मांडणी ठरली: प्रत्येक नमुना जोडीने, इनहिबिटरविना आणि इनहिबिटरसह, आणि ट्रिप्सिन म्हणजे दोन्ही चढांचा फरक. नमुन्यात इनहिबिटर १० मिनिटे आधी मिसळायचा. तो स्वतः आम्लधर्मी प्रथिन असल्याने सायटोक्रोमला थोडा ओढतो, तेव्हा नुसत्या इनहिबिटरचा ब्लँकही हवा. तो कायमोट्रिप्सिनलाही काही प्रमाणात अडवतो. नेमके वेगळे करायचे असेल तर आधी टीपीसीकेने कायमोट्रिप्सिन मारून घ्यावे. पीएमएसएफ हा दुसरा इनहिबिटर नको: पीएच ८ च्या पाण्यात ते फार वेळ टिकत नाही, आणि दोन्ही एन्झाइम एकदम मारते.

१२ जुलै. कृत्रिम आंत्ररस

औषधकोशातली रचना: पॅनक्रिएटिन (स्वादुपिंडातल्या एन्झाइमांचे मिश्रण) १० ग्रॅम प्रति लिटर, ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ६.८. गाळून १:५० पातळ केला. ६०० ला शोषण हळूहळू वाढू लागले. फॉस्फेट आणि आपल्या बफरमधले कॅल्शियम यांची धुरकट साय. १:२०० वर धुरकटपणा गेला, उडीही ५ टक्क्यांच्या आत आली, आणि ट्रिप्सिन अजून मुबलक होते. एवढे पातळ करणे परवडते हीच या नमुन्याची मोठी सोय. कमी आयनिक तीव्रतेच्या बफरची अट त्यातच भागते.

यात सोडियम टॉरोकोलेट (पित्तातला क्षार) आणि बिलिरुबिन (पित्तातले पिवळे रंगद्रव्य) घालून पाहिले. टॉरोकोलेटने १:२०० वर काही केले नाही. बिलिरुबिन ४५० च्या आसपास शोषते, म्हणजे नेमके उत्सर्जनावर सावली. चढही तेवढाच दबतो, कारण सावली बेरजेत नाही तर गुणाकारात शिरते. म्हणून १ जुलैच्या नियमात दुरुस्ती: स्थिर चमक चढातून वजा होते, पण नमुन्याचा रंग चढाला आखूड करतो. प्रत्येक वेलचे ३६० आणि ४४५ चे शोषण घेऊन गुणक लावणे सक्तीचे. गुणक लावल्यावर ५ मायक्रोग्रॅम मिसळलेल्या नमुन्यांत ४.६ ते ५.२ परत मिळाले.

ॲस्कॉर्बिक आम्ल असलेला एक नमुना सपाटच राहिला. वेल किंचित गुलाबी दिसला, ५५० ला टोक. सायटोक्रोम क्षपित झाले होते, आणि क्षपित रूपाची घडी आणखी घट्ट असते. ५५० चे वाचन आता नमुन्याच्या यादीत.

१५ जुलै. रक्तद्रव नको

रक्तद्रवात ट्रिप्सिन मिसळून एकदा चालवले, शून्य. अल्फा-१-अँटिट्रिप्सिन त्याला बंद करते. अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन पिंजऱ्यात घेते: पिंजऱ्यातले ट्रिप्सिन बीएपीएनएसारखा लहान रेणू कापत राहते, प्रथिनापर्यंत मात्र त्याचा हात पोहोचत नाही. ट्रिप्सिनोजनही दिसणार नाही, कारण ते अजून एन्झाइम झालेलेच नसते. एन्टरोकायनेज घालून जागे केले तर दिसते. हा सेन्सर आतड्यातल्या रसासाठी. रक्ताचा रकाना आराखड्यातून काढला.

साठवण: डॉट ४ अंशांवर, अंधारात. गोठवलेली एक नळी वितळल्यावर ६०० ला विखुरणे दाखवत होती, टाकून दिली. डॉट आणि सायटोक्रोम मिसळून ठेवायचे नाहीत. तासाभराने चमक खाली सरकू लागते आणि ढवळूनही परत येत नाही. 'ख' ची नवी बॅच १८ जुलैला. अमीन आणखी कमी, ११२ मायक्रोलिटर, घेऊन पकड वाढते की डॉटच नीट बनत नाहीत ते पाहायचे आहे. बाहेरचे पाणी याही वेळी जपून ठेवणे.